फोटो, सुई आणि गिरगाव



मागच्या महिन्यात तिघींनी मला एकच प्रश्न विचारला. आईचा, सासूबाईंचा किंवा नातवाचा फोटो कापडावर भरता येतो का, आणि येत असेल तर कसा? मोबाइलवर असे व्हिडिओ हल्ली पुष्कळ फिरतात. दोन मिनिटांत रिकाम्या कापडावर हसरा चेहरा उमटतो आणि आपल्याला वाटतं, हे तर मलाही जमेल. रीत मी सांगणारच आहे. पण त्याआधी हा प्रकार आला कुठून तेही बघू या, कारण ती वाट आपल्या गिरगावातून जाते, आणि त्यात आपल्या आज्या-पणज्यांचा हात आहे.

राजा रविवर्मा यांनी १८९४ साली गिरगावात शिळाप्रेस सुरू केला. यंत्रं जर्मनीहून आली, कारागीरही तिकडून आले. पहिलं चित्र छापलं ते शकुंतलेच्या जन्माचं. मग लक्ष्मी आली, सरस्वती आली, दमयंती आली. तोवर असली चित्रं राजवाड्यात आणि शेठ लोकांच्या दिवाणखान्यात असायची. ती एकदम चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, देवळीच्या वर, खिळ्याला टांगलेली दिसू लागली. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या ताब्यात आला. हे सगळं पुस्तकांत मिळतं. पुस्तकांत फारसं येत नाही ते यापुढचं.

ही चित्रं घरात आल्यावर बायकांनी ती नुसती टांगली नाहीत, ती नटवली. लक्ष्मीच्या साडीवर खरी जर बसवली, काठावर टिकल्या लावल्या, गळ्यात बारीक मोत्यांच्या सरी शिवल्या. कुणी साडीच्या आकाराचं खरं रेशमी कापड कापून वर चिकटवलं आणि कडेनं टाके घातले. अशी सजवलेली चित्रं आज संग्राहक मोठ्या किमतीला घेतात आणि संग्रहालयं काचेमागे ठेवतात. काही कारागिरांनी बाजारासाठी केली, काही घरोघरी झाली. कोणतं कुणी केलं हे बहुधा सांगता येत नाही, कारण खाली नाव असतं ते छापखान्याचं.

कागदावर भरतकाम करणं म्हणजे काय, हे ज्यांनी कधी करून पाहिलंय त्यांना समजेल. कापडात सुई गेली की धागे बाजूला सरकतात आणि सुई निघाली की पुन्हा जवळ येतात. कागदाला तसं येत नाही. भोक पडलं ते पडलं. टाके जवळजवळ घेतले तर पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची ओळ होते आणि कागद तिथेच फाटतो. म्हणून चित्राला मागून कापड डकवायचं, जर वरच्या वर ठेवायची आणि दूर दूर बारीक टाक्यांनी ती अडकवायची. ज्या कुणी हे पहिल्यांदा केलं त्या बाईला हे शिकवणारं कुणी नव्हतं.

आणि आता मुद्द्याची गोष्ट. अशी चित्रं कधी पाहायला मिळाली तर नीट बघा. साडी भरलेली असते, दागिने भरलेले असतात, कमळ भरलेलं असतं. चेहरा मात्र तसाच छापील ठेवलेला असतो. हात-पायही तसेच. त्या बायकांना चेहरा भरता आला नसता असं नाही. पण नाकाच्या कडेला एक टाका इकडचा तिकडे झाला तर लक्ष्मीची शेजारीण होते, हे त्यांना कळत होतं. माझ्या मते फोटोवरून भरतकाम करणारीला याहून मोठा सल्ला आजही नाही.

आता फोटोकडे वळू. फोटो काढण्याची पद्धत १८३९ मध्ये पॅरिसला जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफीची सोसायटीसुद्धा निघाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे तिचे सभासद होते. नारायण दाजी तर स्वतः उत्तम फोटो काढत. हरिश्चंद्र चिंतामण यांचा स्टुडिओही त्याच सुमाराचा. म्हणजे फोटो आपल्याकडे उशिरा आला असं म्हणायला जागा नाही. घरातल्या बाईपर्यंत तो उशिरा पोचला, इतकंच. शेठजींचा पगडीतला फोटो असतो, मुलांचा मुंजीतला किंवा शाळेतला असतो, आणि आजीचा म्हणून जो दाखवतात तो बहुतेक वेळा वीस माणसांच्या गटातला, तिसऱ्या रांगेतला, पदराआडचा.

आमच्या घरी तसाच एक आहे. माझ्या आजेसासूबाई, सगळे त्यांना आक्का म्हणत, त्यांचा एकुलता एक फोटो. कुणाच्या तरी दहा उपवासांच्या पारण्याला सगळं गोत जमलं होतं तेव्हाचा. आक्कांचा चेहरा मुगाच्या दाण्याएवढा. तो मोठा करून कापडावर भरायचा असं घरात ठरलं आणि तिथून माझा हा सगळा अभ्यास सुरू झाला. त्याकडे मी परत येते.

फोटो हातानं सजवायची हौस इतरांनाही होती. नाथद्वाऱ्याचे चित्रकार श्रीनाथजींच्या चित्रात यात्रेकरूंचे चेहरे फोटोतून कापून चिकटवत आणि त्याखाली अंगरखा, उपरणं, हात जोडलेले, सगळं रंगानं काढत. इथेही चेहऱ्याला हात नाहीच. काळ्या-पांढऱ्या फोटोवर हातानं रंग देणारे कारागीर तर शहराशहरांत होते. साडी कोणत्या रंगाची हे ते गिऱ्हाइकाला विचारत, आणि गिऱ्हाईक सांगेल तो रंग देत. खरा असो वा नसो.

दुसरी वाट परदेशातून आली, चौकटींची. १८०४ च्या सुमारास बर्लिनमधल्या एका चित्रविक्रेत्यानं चौकटीच्या कागदावर रंगीत नमुने छापून विकायला काढले. एक चौकट म्हणजे एक टाका. ज्या बाईला चित्रकला येत नाही तिनं फक्त मोजायचं. हा प्रकार इतका चालला की युरोपात घरोघरी लोकरीचे कुत्रे आणि गुलाब झाले. आपल्याकडे काचेच्या फ्रेममध्ये जे पोपट, हंस आणि ‘सुस्वागतम्’ असायचं, गिरगावातल्या आणि दादरच्या कितीतरी घरांत मी लहानपणी पाहिलंय, ते याच वंशातलं. अर्थात मोजून भरणं आपल्या बायकांना बर्लिननं शिकवलं असं कुणी समजू नये. आमच्या बेळगाव-धारवाड भागातली कसुती पाहा. गवंती, मुरगी, नेगी, मेंथे, चारही टाके कापडाचे धागे मोजून घालायचे. काळ्या चंद्रकळेवर गोपूर, रथ, पालखी उभी राहते आणि खाली एक रेघसुद्धा आखलेली नसते. माझी आई पाच धागे मोजताना बोलत नसे. मध्येच काही विचारलं की तिचं उत्तर यायला एक ओळ जायची.

मोजण्याची हीच युक्ती मागावर नेली की जॅकार्ड होतं. लालबाग-परळच्या गिरण्यांत काम केलेले कुणी काका ओळखीचे असतील तर त्यांना विचारा, डॉबी आणि जॅकार्ड म्हटलं की ते अजून तासभर बोलतील. १८३९ मध्ये, म्हणजे ज्या वर्षी फोटोची पद्धत जाहीर झाली त्याच वर्षी, फ्रान्समधल्या लिओ शहरात खुद्द जॅकार्ड यांचं व्यक्तिचित्र रेशमात विणलं गेलं. त्याला भोकं पाडलेली २४,००० कार्डं लागली होती. लांबून पाहणाऱ्यांना तो छापलेला कागदच वाटे. आज संगणक फोटोचा चौकटींचा तक्ता करून देतो तो याच कार्डांचा पणतू.

या तक्त्यांचा हिशेब मांडून दाखवते. बी.कॉम.चा तेवढा तरी उपयोग व्हावा. मॅटीचं कापड एका इंचात चौदा चौकटींचं घेतलं आणि चित्र दहा बाय आठ इंचांचं ठरवलं, तर १४० गुणिले ११२, म्हणजे १५,६८० टाके. फुलीचे टाके माझ्या हातानं तासाला १२० होतात, रंग बदलायचा वेळ धरून. म्हणजे १३० तास. ४८ मिनिटांची एक सामायिक धरली तर १६३ सामायिक होतील एवढा वेळ! (सामायिकेत सुई हातात घ्यायची नाही हे सांगायला नकोच, मी फक्त वेळेचं माप म्हणून म्हणतेय.) बरं, एवढं करून चेहरा किती मिळतो? त्या चित्रात चेहरा दीड इंच रुंद असेल तर आडवे एकवीस टाके. डोळ्याच्या वाट्याला तीन-चार. दहा फुटांवरून आई दिसते, जवळ गेलं की चौकोन दिसतात. दुकानदार हे सांगत नाहीत.

तिसरी वाट खाक्याची, आणि ती आपल्या धर्माच्या अंगणातली आहे. ट्रेसिंग पेपरवर चित्र काढायचं, रेघेवर सुईनं भोकं पाडायची, कागद कापडावर ठेवून वरून बोळा फिरवायचा. फिकट कापडाला नीळ रॉकेलमध्ये कालवून, गडद कापडाला पांढरी जिंक पावडर. रॉकेल उडून जातं आणि ठिपक्यांची रेघ राहते. मदनपुऱ्यातले जरीकाम करणारे कारागीर लाकडी कारचोबावर कापड ताणतात ते असा खाका उतरवूनच.

आपल्या श्वेतांबर भगिनींकडे मोठ्या तपाचं उजमणं झालं की छोड भरून घ्यायची चाल आहे. मखमलीवर जरीचं काम, साधू-साध्वींच्या पाटामागे किंवा मंदिरात लावायचं. त्यावर चौदा स्वप्नं असतात, अष्टमंगल असतं, समवसरण असतं, शत्रुंजयाचा डोंगर असतो. आपल्याकडे शास्त्राचं वेष्टन आणि चंदोवा हौसेनं भरतात, सोळा स्वप्नं भरतात. छोडाच्या खालच्या कडेला पुष्कळदा अक्षरं भरलेली दिसतात. कुणाच्या तपानिमित्त, कोणत्या शेठांकडून, संवत किती. ज्यानं किंवा जिनं भरलं त्याचं नाव नाही. दात्याचं नाव असू नये असं मी म्हणत नाही, दान दिसलं तर दुसऱ्याला बुद्धी होते. पण एवढी जागा होती, आणखी एक ओळ मावली असती.

बायकांना हे काम नावानं आणि पैशानं मिळावं म्हणून ज्या संस्था निघाल्या त्याही याच परिसरातल्या. १९०८ मध्ये सेवासदन निघालं, मलबारी आणि दयाराम गिडुमल यांच्या खटपटीनं, रमाबाई रानडे त्याच्या अध्यक्षा. गावदेवीला त्याची इमारत आहे. शिवण आणि भरतकाम तिथे कमाईचं साधन म्हणून शिकवलं जाई. आपल्या समाजात सेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी यांनी सीपी टँकला हिराबागेची धर्मशाळा बांधली हे सगळ्यांना ठाऊक आहे, कारण कितीतरी जणींचे आजोबा मुंबईत आले ते आधी तिथे उतरले. त्यांच्या कन्या मगनबेन ऐन तारुण्यात विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना कोपऱ्यात न बसवता शिकवलं, आणि त्यांनी विधवा बहिणींसाठी श्राविकाश्रम चालवला. तारदेवचा तो आश्रम म्हणजे त्या काळी केवढा आधार होता, हे आपल्या समाजातल्या जुन्या बायका सांगत.

आमच्या आक्काही अशाच एका आश्रमात शिवण शिकलेल्या. एकविसाव्या वर्षी कपाळ पुसलं गेलं, पदरात एक मुलगा. त्यानंतर चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या चोळ्या शिवल्या आणि त्यावर माझ्या सासऱ्यांना मॅट्रिक केलं. म्हणूनच त्यांचा फोटो भरताना मला घाई नको होती.

आता चेहऱ्याबद्दल. सुईनं चेहरा भरता येतच नाही असं नाही. चीनमधल्या सूचौच्या शेन शौ (१८७४–१९२१) यांनी इटलीच्या राणीचा चेहरा रेशमात असा भरला की १९११ मध्ये तूरिनच्या प्रदर्शनात तो गाजला. फोटोत उजेड जिथून येतो तिकडे त्या टाक्यांची दिशा वळवत, एक धागा फोडून त्याचे अनेक पदर करत. गालावरची छाया त्यांनी टाक्यांच्या दिशेतून आणली. हे काम दिव्य आहे, पण त्यात दोन गोष्टी आहेत. एक, त्याला आयुष्य द्यावं लागतं. दुसरी, ते रेशीम आहे.

रेशमाचं काय ते आपण जाणतोच. अखंड धागा मिळावा म्हणून कोश उकळतात आणि जीव आत असतो. अहिंसा रेशीम निघालंय, कुसुमा राजय्या यांनी पतंग उडून गेल्यावरच्या कोशांपासून ते करून दाखवलं, पण तो धागा कातलेला असतो, त्याला अखंड धाग्याची चकाकी नसते. मग चकाकी आणायची कुठून? कापसातूनच. जॉन मर्सर या इंग्रजानं १८४४ मध्ये सूत कॉस्टिक सोड्यात बुडवून पाहिलं. सूत फुगलं, मजबूत झालं, रंग धरू लागलं. पण ते आटतही होतं, म्हणून कुणी फारसं विचारलं नाही. १८९० च्या सुमारास होरेस लो यांनी तेच सूत ताणून धरून बुडवलं आणि त्याला रेशमासारखी तकाकी आली. आपण अँकरची किंवा डीएमसीची लडी आणतो ती हीच, मर्सराइज्ड. आपल्यासारख्यांवर त्या दोघांचे उपकार आहेत असं मी म्हणेन, त्यांच्या मनात तसं काही नसलं तरी.

मग प्रश्न आला रंगाचा, आणि इथे घरात जुंपली. आक्कांची साडी फोटोत काळीभोर दिसते. सूनबाई म्हणाली, बाटलीहिरवी भरू या, किती खुलेल. माझ्या नणंदेचं म्हणणं आणखी पुढचं. “वहिनी, कपाळाला एक टिकली घाल. एवढी देखणी बाई, तशीच कशाला दाखवायची?”

मी म्हटलं, “वन्सं, त्यांच्या कपाळाला नव्हतं ते मी कसं घालू?”

“आता कोण बघतंय? आणि तुलाच तर विधवांनी कुंकू लावावं असं वाटतं ना!”

वाटतं. आजही वाटतं. पण आक्कांना ते लावू दिलं नव्हतं, आणि फोटोत तेच आहे. त्या कपाळावर मी आता चार टाके घातले तर तिच्यावर जे झालं ते झालंच नाही असं होईल. पणतीला पुढे कोण सांगणार? एक वर्षायोगात आमच्याकडे आर्यिका माताजी होत्या, त्यांना मी सहज विचारलं होतं की गेलेल्या माणसाचा फोटो इतक्या मायेनं भरणं हा मोहच ना? त्या म्हणाल्या, मोह आहेच, पण निदान त्यात खोटं मिसळू नका. मला तेवढं पुरलं.

साडीच्या रंगाचं तर आणखीच गंमतीचं आहे. जुन्या काचेच्या प्लेटांना आणि फिल्मना लाल रंग दिसतच नसे. सुरुवातीच्या प्लेटा फक्त निळ्या उजेडानं काळ्या होत. १८७३ मध्ये फोगेल या जर्मन शास्त्रज्ञानं रंग मिसळून त्यांना हिरवाही दिसेल अशी युक्ती काढली. तांबडा मात्र सर्रास दिसू लागला तो सगळे रंग पकडणारी फिल्म घरोघरच्या कॅमेऱ्यांत आल्यावर. म्हणून जुन्या फोटोत लाल साडी काळी दिसते आणि आकाशी साडी पांढरी. कुंकूसुद्धा काळं दिसतं. आक्कांची ती ‘काळी’ साडी तांबडी असू शकते, तपकिरी असू शकते, काळीही असू शकते. फोटो आपल्याला फक्त किती उजेड ते सांगतो, आणि तेही अर्धवट. तुमच्या घरातला जुना फोटो रंगीत भरायचा असेल तर कुणा वयस्कर माणसाला साडी आठवते का ते आधी विचारा. गोधडीत तिचा तुकडा सापडला तर उत्तमच.

आम्हाला सापडला नाही. म्हणून मी रंगच घेतले नाहीत. काळा, पांढरा आणि मधल्या राखाडीच्या पाच छटा, एवढ्याच लड्या आणल्या. चेहरा गिरगावातल्या त्या बायकांसारखाच सोडून दिला. फोटो मोठा करून सुती कापडावर छापून घेतला, छापून देणारी दुकानं आता सहज मिळतात. छापायच्या आधी कापड धुऊन खळ काढायची, नंतर मात्र धुवायचं नाही. रिंग चेहऱ्यावर कधी लावायची नाही, घडी पडते. चेहरा, मान आणि दिसतो तो एक हात छापील ठेवला, आणि साडी, चोळी, मागची भिंत भरली. साडीला एका पदरानं लांब-आखूड टाका, निऱ्या जिकडे वळतात तिकडे वळवून. भिंतीला साधा धावदोरा. काठावर नक्षी असेल, पण फोटोत ती दिसत नाही, म्हणून काठ नुसता गडद ठेवला.

भगवंतांचं चित्र भरावं का असंही एकीनं विचारलंय. मी भरत नाही. कापड मळतं, विरतं, कधी घडी होऊन कपाटात जातं, कधी ट्रंकेच्या तळाशी जातं, आणि आपण गेल्यावर ते कुठे जाईल याची खात्री नाही. अविनय होण्याची भीती नको. चरण भरावेत, पिंछी-कमंडलू भरावं, अष्टमंगल तर आहेच. आपल्या कितीतरी घरांत आचार्य शांतिसागर महाराजांचा फोटो आहे. तो फोटोच राहू द्यावा आणि भोवतीची चौकट भरावी.

मुंबईत हे काम संपलेलं नाही हेही सांगते. चाणक्य नावाच्या इथल्या संस्थेनं २०१६ पासून बायकांना भरतकाम शिकवणारी शाळा चालवली आहे. जानेवारी २०२२ मध्ये त्यांनी माधवी आणि मनू पारेख या चित्रकार दांपत्याची चित्रं भिंतीएवढ्या कापडांवर भरून पॅरिसला पाठवली, दिओर या कंपनीच्या समारंभासाठी. मार्च २०२३ मध्ये गेट वे ऑफ इंडियाला त्याच कंपनीचा कार्यक्रम झाला तेव्हा तिथे भलंमोठं भरलेलं तोरण लागलं होतं. आपल्या दारावरचंच तोरण.

आक्कांची फ्रेम आता दिवाळीआधी होईल. काच टाक्यांना टेकू देऊ नका, आत पट्टी घालून अंतर ठेवायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. मागच्या बाजूला मी कापडी पट्टी शिवली आहे. त्यावर आक्कांचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, आणि ‘चोळ्या शिवत असत’ एवढं काळ्या दोऱ्यानं उलट्या टिपेत भरलंय. नणंद ते वाचून काही बोलली नाही. मग तिनं विचारलं, उरलेल्या राखाडी लड्यांचं काय करणार आहेस?